आधी परवाना की आधी नोकरी?

परदेशात नोकरी शोधणाऱ्याला एक कोडं हमखास भेटतं. कंपनी विचारते, "कामाचा परवाना आहे का?" आणि वकिलात विचारते, "नोकरीचा करार आहे का?" पीथमपूरच्या कारखान्यात सहा वर्षं मशीन डिझाइनचं काम करून मी जर्मनीसाठी अर्ज करायला लागलो, तेव्हा आठ महिने याच कोड्यात फिरत होतो. साठावर अर्ज गेले. उत्तरं बहुतेक एकाच ओळीची: परवाना असेल तर कळवा.

बाबांना माझी घालमेल बघवेना. इथल्याच एका एजंटने त्यांना "चार लाखांत परमिटसकट नोकरी" असं सांगितलं होतं. बाबा एफडी मोडायला निघाले. "पैसा असतो कशाला?" म्हणाले. मी एकच विनंती केली, त्याचा नोंदणी क्रमांक मागा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावर जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही. नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. क्रमांक काही आला नाही. बाबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, पण एफडी शाबूत राहिली.

मग मी नियमच वाचायला बसलो. ब्रिटनमध्ये परदेशी माणूस नेमायचा तर कंपनीकडे स्पॉन्सर लायसन्स लागतं. जर्मनीत तसं नाही. तिथल्या ब्लू कार्डला मान्य पदवी, तिला साजेसा किमान सहा महिन्यांचा करार आणि ठरलेला पगार लागतो: २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो, तर इंजिनीअरसारख्या तुटवड्याच्या कामांना ४३,७५९.८० युरो. पदवी मान्य आहे का, हे 'अ‍ॅनाबिन' या यादीत फुकट पाहता येतं.

छोट्या कंपन्यांना यातलं बरंच ठाऊक नसतं. परदेशी माणूस म्हणजे कागदांचा डोंगर, असं त्यांना वाटतं. म्हणून मी अर्जाच्या पत्रात चार ओळी घातल्या: माझी पदवी मान्य आहे, तुम्हाला लायसन्स लागत नाही, करारासोबत नोकरीची माहिती देणारा एक सरकारी फॉर्म भरावा लागेल, बाकी धावपळ माझी. पुढच्या दीड महिन्यात तीन मुलाखती झाल्या. स्टुटगार्टजवळच्या ऐंशी माणसांच्या एका कंपनीने करार पाठवला.

आता व्हिसासाठी मुंबईची तारीख मिळाली आहे. रोज संध्याकाळी जर्मनचा क्लास चालू आहे, कारण ब्लू कार्डवर कायम वास्तव्याचा हक्क साधारण २७ महिन्यांनी मागता येतो, आणि भाषा बी-१ पातळीची असेल तर २१ महिन्यांनी.

आई-बाबा इथे दोघंच राहतील, हा विचार मात्र कुठल्याही फॉर्ममध्ये बसत नाही. १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा ब्लू कार्ड मिळालेल्यांना आई-वडिलांनाही बोलावता येतं. त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. हे बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "आधी तू जाऊन बघ, सकाळी पोहे-जलेबी मिळते का ते. मग आमचं ठरवू." आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तुझ्या त्या क्लासला मलाही घेतील का रे?"