पद्मिनीचे स्टिअरिंग आणि हॉर्न

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात फियाट ११०० घडली. तीच पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी निवृत्त झाली. उरलेली एखादी गाडी पुन्हा उभी करणारा कारागीर स्टिअरिंग बसवताना आधी पुढची चाके सरळ करतो, मग दांड्यावरच्या दात्यांशी जुनी खूण जुळवतो. एक दाता चुकला, तरी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरपे दिसते. हॉर्नच्या बटणाखाली इवलीशी स्प्रिंग असते. ती हरवली, तर बटण नीट उसळत नाही आणि हॉर्नचा भरवसा राहत नाही. पद्मिनीचे रूप असंख्य छायाचित्रांत सुरक्षित आहे. तिचा आवाज मात्र अशा एखाद्या स्प्रिंगवर अवलंबून आहे.