कॉस्प्लेचं कवच आणि दम्याचा त्रास

कॉमिक कॉनसाठी घरी कवच बनवणारा एक तरुण पेशंट मला विचारत होता, ‘डॉक्टर, दमा आहे, हा नाद सोडू का?’ मुळीच नको! मी स्वतः रविवारी ईव्हीए फोमची ढाल रंगवत बसतो. दवाखाना विसरायला मला तरी याहून चांगलं औषध सापडलेलं नाही.

कोरं चकचकीत कवच खोटं वाटतं. चंदेरी रंग वाळला की पाण्याने पातळ केलेला काळा-तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग फासा आणि लगेच पुसा. खाचांत मळ उरतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर चंदेरी रंग घासा, पण जिथे खरंच वार बसला असता तिथेच. इथवर धोका फारसा नाही.

त्रास देते ती फोम घासताना उडणारी धूळ, आणि गोंदाची व स्प्रे रंगाची वाफ. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लागतो. तुम्हाला दमा असेल तर स्प्रेऐवजी ब्रश वापरा, गोंद लावायला गच्चीवर जा. छातीत घरघर सुरू झाली तर काम सोडून, डॉक्टरांनी दिलेला इनहेलर घ्या. तरी धाप कमी झाली नाही तर लगेच दवाखाना गाठा.