एक चौक, दोन आवाज

लंडनपासून तासाभरावर एल्सबरी नावाचं गाव आहे. तिथल्या बाजारचौकाने मॅरिलियन या रॉक बँडला पहिलं गाणं दिलं. पुढे बँडचा गायक बदलला आणि चाहत्यांची दोन घरं झाली. आम्ही दोन्ही घरं एका दिवसात पालथी घातली!

लंडनला गेलेला रॉकवेडा माणूस हमखास काय करतो? ॲबी रोडच्या झेब्रा क्रॉसिंगवर एक पाय उचलून फोटो काढतो. मागून गाड्यांचे हॉर्न, समोर आणखी दहा जण रांगेत. फोटो फेसबुकवर, विषय संपला. पण तुम्ही जरा हट्टी कॅटेगरीतले असाल, म्हणजे पिंक फ्लॉइड, जेनेसिस, येस वगैरे मंडळींवर रात्री जागवल्या असतील, तर मेरिलबोन स्टेशनवरून एल्सबरीची गाडी पकडा.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी सांगते, तीन मिनिटांत गाणं संपवायची घाई नसलेलं रॉक. बड्या ख्यालासारखं, बैठक मारून ऐकायचं. सत्तरच्या दशकात या संगीताचं राज्य होतं. मग पंक आलं आणि ही लांबलचक गाणी एकदम 'आउट' झाली. नेमक्या त्याच काळात, १९७९ मध्ये, बकिंगहॅमशरमधल्या काही पोरांनी टोल्किनच्या 'द सिल्मरिलियन' या पुस्तकावरून बँडचं नाव ठेवलं 'सिल्मरिलियन'. पुढे त्यातला 'सिल' गळाला आणि उरलं मॅरिलियन.

माझ्यासोबत होता दादा, माझा थोरला मावसभाऊ. वय बावन्न, हॅरोत घर, आयटीत नोकरी. १९९१ मध्ये पुण्याच्या इंजिनीअरिंग हॉस्टेलवर त्याच्या हाती 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड'ची कुणीतरी भरून दिलेली कॅसेट पडली आणि तो कायमचा फिशवाला झाला. फिश म्हणजे मॅरिलियनचा १९८८ पर्यंतचा गायक. त्याच्यानंतरचं एकही गाणं दादाने ऐकलेलं नाही. मी मात्र या बँडकडे उलट्या बाजूने आले. कॉलेजात मास कॉम करताना 'मार्बल्स' ऐकला, स्टीव्ह हॉगर्थचा आवाज आवडला आणि मग मागे मागे जात फिश सापडला. थोडक्यात, एकाच गाडीत दोन पक्ष!

हेडफोनमधला पहिला माणूस

हॅरो-ऑन-द-हिलला दादा चढला. इथून पुढे गाडी चिल्टर्नच्या टेकड्यांतून जाते. ॲमरशॅम, रोआल्ड डालचं ग्रेट मिसेंडन, मग वेंडोव्हर. त्यानंतर स्टोक मँडव्हिल. पॅरालिम्पिक चळवळीची सुरुवात १९४८ मध्ये इथल्याच हॉस्पिटलच्या मैदानात झाली. खिडकीबाहेर एकसारखी हिरवळ, कानात फिश.

फिशचं खरं नाव डेरेक डिक. तासन् तास बाथटबमध्ये डुंबायचा म्हणून हे टोपणनाव पडलं. एडिनबराजवळच्या डलकीथचा हा सहा फूट पाच इंची स्कॉटिश गडी जानेवारी १९८१ मध्ये बँडमध्ये आला. त्याआधी बँडचा बासवादकच गात होता. फिश आला आणि सगळंच बदललं. चेहरा रंगवून तो स्टेजवर यायचा. एखादा नट स्वगत म्हणतो तसा गायचा आणि भांडल्यासारखे शब्द लिहायचा. जेनेसिसच्या पीटर गेब्रिएलची कॉपी, असा शिक्काही लगेच बसला.

त्याचे स्टुडिओ अल्बम फक्त चार आहेत. १९८३ चा 'स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर', १९८४ चा 'फुगाझी', १९८५ चा 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' आणि १९८७ चा 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज'. तिसरा थेट ब्रिटनमध्ये नंबर वन झाला आणि त्यातलं 'केली' हे गाणं सिंगल्सच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. गाण्यानंतर ब्रिटनमध्ये मुलींची नावं केली ठेवायची लाटच आली. आज चाळिशीच्या आसपासची कुणी ब्रिटिश केली भेटली, तर तिचे आईबाबा काय ऐकत होते याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

सलग ऐकताना मात्र चौथ्या अल्बमशी थांबायला होतं. 'क्लचिंग'मधला नायक दारूच्या गुत्त्यात बसलेला, संपत चाललेला लेखक आहे. आणि तो लिहिणारा माणूसही तेव्हा न संपणाऱ्या दौऱ्यांनी पिचला होता, मॅनेजमेंटशी त्याचे खटके उडत होते. १९८८ मध्ये तो बाहेर पडला. गाडीत दादा म्हणाला, "हा राजीनामाच आहे गं. फक्त वर्षभर आधी लिहिलेला."

चौकात

स्टेशनपासून मार्केट स्क्वेअर चालत अगदी जवळ. फरशीबंद उतरता चौक, मधोमध १८७६ चा घड्याळाचा मनोरा, कडेला पुतळे, बाजारच्या दिवशी भाजी-फुलांच्या गाड्या. पर्यटकांची गर्दी शून्य! हाच तो 'मार्केट स्क्वेअर हीरोज'मधला चौक. ऑक्टोबर १९८२ मध्ये आलेलं बँडचं हे पहिलं सिंगल. त्या वर्षी ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला होता. चौकात पोरं गोळा करून क्रांतीच्या गप्पा ठोकणारा एक तरुण, हा गाण्याचा विषय. आपल्याकडचा कुठलाही नाका डोळ्यांसमोर आणा, चित्र तेच.

या गावाला रॉकचं वेड लावलं 'फ्रायर्स' या क्लबने. १९६९ मध्ये तो सुरू झाला. जेनेसिस, मॉट द हूपल, द क्लॅश, सगळे इथे वाजवून गेले. २९ जानेवारी १९७२ ला डेव्हिड बोवीने झिगी स्टारडस्टची गाणी इथल्याच प्रेक्षकांसमोर आणली. चौकाच्या टोकाला कमानीखाली त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, २०१८ मध्ये उभा राहिलेला, तोही लोकवर्गणीतून! तासातासाला तिथल्या स्पीकरमधून बोवीचं गाणं वाजतं. मॅरिलियनचा पुतळा मात्र शोधू नका, नाहीये.

पण चौकाकडे एक आठवण आहे. २६ ऑगस्ट २००७. 'हॉबल ऑन द कॉबल्स' हा फुकट उघड्यावरचा महोत्सव. फिश आपल्या बँडसोबत आलेला. शेवटी त्याने जुन्या साथीदारांना स्टेजवर बोलावलं. स्टीव्ह रॉथरी, मार्क केली, पीट ट्रेवॉवस आणि इयन मोझली. एकोणीस वर्षांनी पाचही जण एकत्र आले, एकच गाणं वाजवलं, आणि ते कुठलं हे वेगळं सांगायला नको. नंतर 'हे परत एकत्र येणार' अशा वावड्या उठल्या, पण तसं झालं नाही. चौघे आपल्या बँडकडे परतले, फिश आपल्या.

दादा त्या फरशीवर बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं फोटो काढेल. नाही काढला.

खुर्ची कुणाची?

चौकातून एका बोळाने आत गेलं की किंग्ज हेड नावाचं पंधराव्या शतकातलं पब आहे. नॅशनल ट्रस्टच्या मालकीचं. अंगणात बाकं टाकलेली. तिथे दादा बोलला. अकरा वर्षं त्याने जी टीम बांधली, ती एप्रिलमध्ये दुसऱ्याकडे गेली. नवा माणूस एकतीस वर्षांचा. दादाची नोकरी शाबूत आहे, पगारही तोच, फक्त मीटिंगमध्ये आता तो भिंतीकडच्या खुर्चीत बसतो. "पोरगा चांगला आहे गं," तो म्हणाला. "तोच तर प्रॉब्लेम आहे. टीम परवा त्याच्या जोकवर हसली."

मला काय बोलावं कळेना. कारण मी कायम पलीकडच्या बाजूला होते. माझ्या पहिल्या नोकरीत मी वाचकांच्या अत्यंत लाडक्या लेखिकेचं सदर चालवायला घेतलं. पहिले सहा महिने प्रत्येक पत्राचा सूर एकच, 'आधीच्या ताई बऱ्या होत्या.' त्या ताईंसारखं लिहून बघायचा मोह रोज व्हायचा.

मराठी नाटकवाल्यांना हे नवीन नाही. 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकर डॉ. लागूंनी उभे केले. नंतर दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, आणि प्रत्येकाचा बेलवलकर निराळा निघाला. पण तिथे संहिता शिरवाडकरांची, ती जागची हलत नाही. बँडमध्ये गायक गेला की संहिताही त्याच्याबरोबर जाते. फिश गेला तेव्हा पुढच्या अल्बमच्या चाली तयार होत होत्या. त्या चौघांकडे राहिल्या. त्यांवरचे शब्द फिश घेऊन गेला आणि त्यातले काही १९९० च्या त्याच्या पहिल्या सोलो अल्बममध्ये आले. घर मोडल्यावर भांडी वाटतात ना, अगदी तसं.

जेनेसिसने अशा वेळी घरातलाच माणूस पुढे केला होता. १९७५ मध्ये गेब्रिएल गेला, ड्रमर फिल कॉलिन्सने माइक हातात घेतला. मॅरिलियनने बाहेरचा माणूस आणला. १९८९ मध्ये आलेल्या हॉगर्थला त्याच सुमारास 'द द' या तेव्हाच्या फॅशनेबल बँडसोबत दौऱ्यावर पियानो वाजवायची संधी होती. ती सोडून तो इथे आला. आवाज पातळ, उंच, दुखरा. फिशची मिमिक्री त्याने कधीच केली नाही. रंगवलेला चेहराही नाही.

एक इअरफोन तुला, एक मला

अंगणात मी दादाच्या कानात एक इअरफोन दिला आणि 'सीझन्स एंड'मधलं 'ईस्टर' लावलं. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारावरचं गाणं. मूळ चाल हॉगर्थ सोबत घेऊन आला होता. दोन मिनिटं दादाचा चेहरा कोरा. मग रॉथरीची गिटार सुरू झाली. लांब, सावकाश, घाई नसलेली. दादा एकदम म्हणाला, "अगं, हा तर रॉथरीच!"

"तोच. तो कुठे गेला होता?"

मला वाटतं, गायक बदललेल्या बँडचे अल्बम ऐकताना हीच गोष्ट सुटते. आपण पुढचा माणूस मोजतो, मागचे चौघे धरतच नाही. १९८४ पासून हे चौघे तेच आहेत. 'केली'ची सुरुवातीची गिटार आणि 'ईस्टर'चा सोलो एकाच हातातून आलाय. शब्द बदलल्यावर त्या हातांना नवीन वाटा सापडल्या, एवढंच.

मग 'ब्रेव्ह'मधली दोन गाणी. १९९४ चा हा अल्बम फ्रान्समधल्या एका जुन्या किल्ल्यात रेकॉर्ड झाला. सेव्हर्न पुलावर एक मुलगी सापडली, ती काहीच बोलत नव्हती, तिची ओळख पटवण्यासाठी पोलिसांनी रेडिओवर आवाहन केलं. हॉगर्थने ते ऐकलं होतं. त्यावरून पूर्ण अल्बम रचला. तो पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अवघड जाईल. तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा फोन बाजूला ठेवाल.

विक्री मात्र घसरत गेली. १९९५ च्या 'अफ्रेड ऑफ सनलाइट'नंतर ईएमआयने हात काढून घेतले. १९९७ मध्ये अमेरिका दौऱ्यासाठी पैसे नव्हते. हे इंटरनेटवर कळताच चाहत्यांनी स्वतःच वर्गणी काढून सुमारे ६० हजार डॉलर जमवले. त्यातून धडा घेऊन बँडने २००१ च्या 'अनोरॅकनोफोबिया'साठी लोकांकडूनच आगाऊ पैसे मागितले. गाणी लिहून व्हायच्या आधी १२ हजारांवर लोकांनी दिले! किकस्टार्टर सुरू झालं ते २००९ मध्ये. स्टार्टअपवाल्यांनो, जरा नोंद घ्या. आणि पुढे? २०१६ चा 'एफ इ ए आर' ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर, २०२२ चा 'ॲन अवर बिफोर इट्स डार्क' दुसऱ्या. फिशचे चार, हॉगर्थचे डझनाहून जास्त. 'नवा गायक' आता पस्तीस वर्षांहून जुना आहे.

फिशनेही पुढे सोलो अल्बम केले. २०२० चा 'वेल्टश्मेर्ट्स' शेवटचा. मार्च २०२५ मध्ये ग्लासगोला निरोपाचे कार्यक्रम करून तो स्टेजवरून उतरला आणि पश्चिमेकडच्या बर्नरे बेटावर राहायला गेला. तो हरला नाही, आणि हॉगर्थने त्याचं काही हिसकावलंही नाही. दोन माणसांनी दोन निरनिराळी कामं केली. दादाला मी हे काही ऐकवलं नाही. त्याने फक्त विचारलं, "तो पुलावरच्या मुलीचा अल्बम कितीचा म्हणालीस, चौऱ्याण्णवचा?" आणि फोनमध्ये नाव टाइप करून घेतलं.

जाल तर...

कसं जायचं : मेरिलबोनहून थेट गाडी, साधारण तासभर. चौक, बोवीचा पुतळा आणि किंग्ज हेड, सगळं पायी होतं. अर्धा दिवस पुरे.

जाताना ऐका (फिश) : 'मार्केट स्क्वेअर हीरोज', 'केली', आणि वेळ असेल तर 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज' पूर्ण.

येताना ऐका (हॉगर्थ) : 'ईस्टर', 'ब्रेव्ह'मधलं 'द ग्रेट एस्केप', आणि शेवटी २०२२ च्या अल्बममधलं 'केअर'. कोरोनाच्या काळात दवाखान्यांत राबणाऱ्या माणसांपर्यंत पोचणारं गाणं आहे. पंधरा मिनिटांचं आहे, पण स्टेशन येईपर्यंत बंद करू नका.

सोबत : शक्यतो विरुद्ध पक्षाचा माणूस न्या. भांडायला तासभराची गाडी उत्तम!