जनरल मॅनेजर पाहिजे!

जगातली कोणतीही मोठी जागा रिकामी झाली, की तिच्यावर कोणाला बसवावं हे कल्याणहून सुटणाऱ्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाला सर्वांत चांगलं कळतं. ज्याची स्वतःची अर्धी बैठक हवेत आहे, तोच दुसऱ्याच्या बैठकीचा निःपक्षपातीपणे विचार करू शकतो. तिघांच्या बाकावर चौथा होऊन बसणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी एकदा सकाळी डोंबिवलीला यावं. आम्ही डोंबिवलीकर तेवढ्या चतकोर जागेसाठीसुद्धा आधी उलटे कल्याणला जातो आणि मग सुलटे मुंबईकडे निघतो.

आमच्या डब्यातल्या कंपूनं आजवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर नेमलेत आणि रेल्वेमंत्री तर दर पावसाळ्यात बदललेत. पगार आपल्या खिशातून द्यायचा नसला, की नेमणुका झटपट होतात. अशा या समितीपुढे २०२३ सालच्या जानेवारीअखेर हॉकीचं प्रकरण आलं. ओडिशातल्या विश्वचषकात आपला संघ संयुक्त नववा आला आणि प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी ३० जानेवारीला राजीनामा दिला. हेच रीडसाहेब २०२१ साली टोकियोत आपल्याला ब्राँझपदक मिळवून देणारे. हॉकीतलं ऑलिंपिक पदक एक्केचाळीस वर्षांनी घरी आलं म्हणून आम्ही पेढे खाल्ले होते. पण पेढा पचून आता दीड वर्ष झालं होतं.

"परदेशी माणूस पुरे झाला," एलआयसीवाले काका खिडकीतून म्हणाले. (खिडकी ज्याची, अध्यक्षपद त्याचं, अशी आमच्या डब्याची घटना आहे.) "आपला खडकीचा धनराज पिल्ले घ्या. चार ऑलिंपिक खेळलाय गडी, चार!"

"खेळला म्हणून खेळवता येईल कशावरून?" मंत्रालयातले अण्णा उभ्यानंच म्हणाले. "तसं असतं तर काका, पंगतीतला तुमचा हात बघून लोकांनी तुम्हाला आचारी नेमलं असतं."

यावर दारातला कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणाला, "अहो, कोच सोडा. तिकडे अमेरिका-कॅनडात बर्फावर हॉकी खेळतात ना, तिथे टीमला जनरल मॅनेजर असतो. आधी तो नेमा."

'जनरल मॅनेजर' हे शब्द कानावर पडताच मी हवेतल्या अर्ध्या भागासकट ताठ झालो. आम्हा बँकवाल्यांच्या लेखी जनरल मॅनेजर म्हणजे ज्याच्या येण्याआधी शाखेत भाड्याच्या कुंड्या येतात तो. तो यायचा म्हटलं की बंद पडलेला वॉटर कूलर पाणी देऊ लागतो आणि रजेवरची माणसं बरी होतात. तो "काय, बिझनेस कसा आहे?" असं विचारतो आणि उत्तर यायच्या आत गाडीत बसतो. असा माणूस हॉकीच्या संघात नेमून काय कुंड्या मांडायच्या?

पण पोरानं समजावून सांगितलं. तिकडचा जनरल मॅनेजर स्टिकला हात लावत नाही. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता सोडायचा, कोच कोण, हे तो ठरवतो. वर सगळ्यांचे पगार एका ठरलेल्या मर्यादेत बसवतो. २००५ सालापासून तिथे तसा नियमच आहे. आणि संघ बुडत राहिला, की घरी जावं लागतं त्यालाही.

"म्हणजे अधिकारही त्याचा आणि मारही त्यालाच?" मी विचारलं.

"हो!"

मी बी.कॉम. माणूस. प्रत्येक नावे रकमेला तेवढीच जमा हवी, हे पहिल्याच वर्षी डोक्यात बसलेलं. त्यामुळे ही व्यवस्था मला एकदम पटली. आता आपलं खातं उघडून बघा. खेळाडू निवडायला निवड समिती. कार्यक्रम ठरवायला संघटना. परदेशी प्रशिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून, तेव्हा सरकारचाही शब्द. अधिकार असा चार खात्यांत वाटून जमा. पराभव मात्र एकरकमी प्रशिक्षकाच्या नावे! असा ताळेबंद घेऊन मी ऑडिटरपुढे गेलो असतो, तर त्यानं चहासुद्धा न घेता मला घरी पाठवलं असतं.

बरं, पराभवाचं सोडा. आपल्याकडे विजयसुद्धा नावे पडतो. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराजच्या संघानं बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक आणलं. बक्षीस काय? प्रशिक्षक एम. के. कौशिक गेले आणि पदक आणणारे कितीतरी खेळाडूही संघाबाहेर. पुढे २०१४ साली इंचॉनला पाकिस्तानला हरवून पुन्हा आशियाई सुवर्ण मिळालं, ते टेरी वॉल्श यांच्या हाताखाली. महिना-दोन महिन्यांत त्यांचा राजीनामा. मग पॉल व्हॅन अस आले आणि काही महिन्यांत गेले. मग रोलंट ओल्टमन्स. २०१७ मध्ये ते गेले आणि महिला संघाचे शोर्ड मरिन पुरुषांकडे आले. २०१८ मध्ये मरिन परत महिलांकडे आणि महिलांचे हरेंद्र सिंग पुरुषांकडे, जणू दोन शेजाऱ्यांची कुकरची शिट्टी बदलली. २०१९ च्या जानेवारीत हरेंद्रही गेले आणि एप्रिलमध्ये रीड आले. साडेपाच वर्षांत सहा माणसं! एवढ्या वेळा आमच्या सोसायटीनं पाण्याची मोटरसुद्धा बदललेली नाही, आणि ती तर दर उन्हाळ्यात जळते.

यातले मरिन पुढे मुलींबरोबर टिकले आणि टोकियोत तो संघ चौथा आला. माणूस तोच, त्याला बसू दिलं, एवढाच फरक.

"माणूस खणखणीत असला की झालं," काका हट्टानं म्हणाले. मग मी त्यांना मुंबईचंच उदाहरण दिलं. २०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली, तेव्हा 'मुंबई मॅजिशियन्स'नं ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ आणले. माणूस शिक्षणानं डॉक्टर, तिकडचा माजी खासदार, आणि ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवून देणारा. याहून खणखणीत नाणं टाकसाळीतही मिळायचं नाही. पण स्पर्धेच्या तोंडावर लीगमधले नऊ पाकिस्तानी खेळाडू परत पाठवले गेले, त्यांतले चार एकट्या मुंबईचे. ते चार्ल्सवर्थसाहेबांनी पाठवले नव्हते. पाच संघांत मुंबई पाचवी आली, ती मात्र त्यांच्या नावावर.

यावर अण्णांनी वाडेकरांचा विषय काढला. मराठी माणसाची चर्चा क्रिकेटवर आली नाही तर ती अपुरी समजतात. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. वाडेकर स्टेट बँकेतले, त्यामुळे अखिल बँकवाले त्यांना आपल्याच काउंटरवरचे मानतात. त्याच वर्षी त्यांनी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोघांनाही त्यांच्या घरी हरवलं. १९७४ ला इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या गेल्या आणि वाडेकरही गेले. पण नव्वदच्या दशकात तेच वाडेकर संघाचे मॅनेजर झाले, १९९३ साली इंग्लंडला आपल्या देशात तीन-शून्य हरवलं आणि १९९६ च्या विश्वचषकापर्यंत टिकले. डोकं दोन्ही वेळी तेच होतं. दुसऱ्या वेळी त्याखाली खुर्ची जरा जास्त वेळ राहू दिली.

तुम्ही म्हणाल, लोकलमधल्या कारकुनाला खुर्च्यांची एवढी काळजी का? त्याला कारण घरातच आहे. आमची कन्या सातवीत आहे आणि इथल्याच एका शाळेच्या हॉकी संघात राइट हाफला खेळते. पहिल्या सरांनी तिला गुडघ्यात वाकून चेंडू न्यायला शिकवलं. तीन सामने हरल्यावर ते सर बदलले. दुसरे म्हणाले, वाकू नका, मान वर ठेवा. दिवाळीनंतर तेही बदलले. परवा जेवताना पोरगी म्हणाली, "बाबा, नवीन सर म्हणतात, आधीचं सगळं विसरा. किती वेळा विसरायचं हो?"

तिची आई म्हणाली, "वरण घे." माझ्याकडे तर तेवढंही उत्तर नव्हतं. कारभारी मंडळी खुर्ची फिरवतात तेव्हा त्यांना गंमत वाटते. पण प्रत्येक फिरक्यामागे खाली कुठंतरी एक पोर शिकलेलं पुसत असतं.

मार्च २०२३ मध्ये आमच्या समितीला न विचारताच दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन नेमले गेले. २०२४ साली पॅरिसला आपण स्पेनला २-१ हरवून पुन्हा ब्राँझ जिंकलं. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये पदक, हे १९७२ नंतर प्रथमच! काका म्हणतात, "बघा, माणूस बदलला म्हणून झालं." मी म्हणतो, दूध तापवून विरजण लावलं रीडनी, ताक घुसळलं फुल्टननी, आणि सुदैवानं मधल्या काळात कोणी मडकं फोडलं नाही.

तेव्हा पुढल्या वेळी जागा रिकामी झाली, तर उपयोगी पडावा म्हणून मी जाहिरातीचा मसुदा तयार करून ठेवला आहे:

पाहिजे: हॉकी संघासाठी जनरल मॅनेजर. उमेदवाराची पात्रता मागाहून कळवू. नेमणाऱ्यांची पात्रता पुढीलप्रमाणे. (१) किमान चार वर्षं गप्प बसण्याचा अनुभव. (२) अधिकार आणि जबाबदारी एकाच पाकिटात घालून देण्याची तयारी. (३) संघ हरल्यास आधी स्वतःचा ताळेबंद तपासणे बंधनकारक. (४) जिंकल्यास व्यासपीठावर सर्वांत शेवटी चढणे. (५) आधीच्या सरांनी शिकवलेलं विसरायला न सांगणाऱ्या उमेदवारास प्राधान्य.

शेवटची अट माझी नाही. ती सातवीतल्या राइट हाफनं घालायला लावली.