कडू नव्हे, तुरट

मी स्वतःला बरी कॉफी करणारी समजत होते, तेव्हाची गोष्ट. डेन्व्हरजवळ ऑरोरात येऊन आम्हाला आठ वर्षं झाली होती आणि आई पहिल्यांदाच सांगलीहून आली होती. तिच्यावर छाप पाडायची म्हणून सकाळी मी तिच्यापुढे काळी कॉफी ठेवली. बिया महागाच्या, हलक्या भाजलेल्या, कागदी फिल्टरमधून उतरवलेली. आईनं एक घोट घेतला आणि गाल आत ओढले.

म्हटलं, "कडू लागली ना? सवय नाही तुला."

"कडू नाही गं. कारलं मी आवडीनं खाते. आधी आंबट लागली आणि मग तुरट. कच्चं केळं चावल्यावर जीभ कशी होते, तशी झालीय."

मी ते हसण्यावारी नेलं. दुपारी थंड झालेली तीच कॉफी पुन्हा तोंडात घेतली आणि खरंच, टाळूपर्यंत सगळं ओढल्यासारखं झालं. आठ वर्षं मी ज्याला कॉफीचा कडूपणा म्हणत होते तो कडूपणा नव्हताच.

आमच्या घरी कॉफी म्हणजे काय ते सांगायला हवं. चमचाभर झटपट कॉफीची पूड, साखर आणि पाण्याचे चार थेंब पेल्यात घालून हात भरून येईतो फेटायचं, वरून दाट दूध आणि सहाणेवर उगाळलेलं जायफळ. दहावीच्या परीक्षेला जागता यावं म्हणून आई ही कॉफी द्यायची, आणि जायफळानं झोप छान लागते असंही तीच सांगायची. या दोन गोष्टींचा मेळ घरात कुणी घातला नाही. मी मात्र त्या वर्षी भूगोलाच्या पुस्तकावर गाढ झोपले होते. मुद्दा असा, की अशा कॉफीत चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. दूध, साखर आणि जायफळ सगळं पोटात घालतात. इथं आल्यावर मी दूध सोडलं आणि माझ्या चुका उघड्यावर आल्या. त्यांना नाव मात्र एकच होतं, 'कडू'.

हे माझं एकटीचं नाही. इथले माझे शेजारीही आंबट कॉफीला बिनदिक्कत 'बिटर' म्हणतात. आपल्याकडे निदान सहा रस मोजून ठेवलेले आहेत आणि त्यात तुरट हा वेगळा, स्वतःच्या नावाचा आहे. आवळा, हिरडा, जांभूळ, सुपारी खात वाढलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. कॉफीत एवढं ओळखता आलं तरी निम्मं काम झालं. आंबट आणि पाणचट लागली तर अर्क कमी उतरला. कडू आणि तुरट लागली तर जास्त उतरला.

'अर्क उतरणे' हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण सगळा हिशेब त्या उतरण्याचा आहे. भाजलेल्या बीमधलं फार तर तीस टक्के पाण्यात विरघळू शकतं, बाकी नुसता चोथा. एमआयटीत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात अमेरिकन कॉफीसाठी एक तक्ता बसवला. बीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के उतरलं तर चव जमते, असं तो सांगतो. आंबट द्रव्यं आधी सुटतात, गोडवा त्यांच्या मागून, आणि कडू-तुरट सर्वांत रेंगाळून. म्हणजे वेळेवर थांबणं हीच कला. आणि चहा उकळत वाढलेल्या माणसाला थांबणं जमत नाही.

चहा कडक हवा तर आपण तो आणखी उकळतो. कॉफी पांचट झाली की आपला हात तेच करतो. मीही केलंय. चोथ्यावरून तेच पाणी पुन्हा ओतायचं, किंवा फ्रेंच प्रेसमध्ये दहा मिनिटं विसरून जायचं. त्यानं कॉफी कडक होत नाही, तुरट होते. कडक हवी तर पूड जास्त घालायची, वेळ नव्हे. याच्या उलटी चूक तर फारच भोळी आहे. कॉफी कडू लागते म्हणून माणूस पूड कमी करतो. पाणी तेवढंच राहतं, मग थोड्याशा पुडीतून ते जास्त जास्त ओरबाडून काढतं, आणि कप पातळ असून पहिल्यापेक्षा कडू होतो. माझ्या ओळखीचे एक काका तीन चमच्यांवरून दीडवर आले होते आणि अमेरिकेतली कॉफीच वाईट, या निष्कर्षाला पोचले होते.

गणपतीत आमच्या इथल्या मंडळात पर्कोलेटरची उंच टाकी असायची. तिच्यात तळाचं उकळतं पाणी नळीतून वर चढतं, पुडीवर पडतं, गळून पुन्हा तळाशी जातं आणि पुन्हा वर चढतं. आरती लांबली तर किती फेऱ्या होतात याला हिशेब नाही. एका वर्षी कॉफीची जबाबदारी माझ्याकडे होती. अथर्वशीर्षाची आवर्तनं संपेपर्यंत मी बटण बंद करायला विसरले. लोकांनी मोदकाबरोबर ती कॉफी प्यायली, तीही गुपचूप. पूर्वी अमेरिकेतल्या कित्येक घरांत रोजची कॉफी अशाच पर्कोलेटरमध्ये व्हायची. १९७२ साली मिस्टर कॉफी नावाचं ठिबकयंत्र आलं आणि पुढे बेसबॉलपटू जो डिमॅजिओ टीव्हीवर त्याची जाहिरात करू लागला, ही या देशाच्या जिभेवर केवढी मेहेरबानी होती ते त्या दिवशी कळलं.

त्या यंत्रांचाही एक चकवा आहे. काचेच्या भांड्यावर १२ कप लिहिलेलं असतं, पण तो कप पाच औंसांचा, म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या आसपास. स्वयंपाकघरातला मापाचा कप आठ औंसांचा. मी पाणी या कपानं आणि पूड त्या कपाच्या हिशेबानं घालत होते. शेवटी पोळ्यांचं पीठसुद्धा अंदाजानं घेणाऱ्या घरात वजनकाटा आला. १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी. चमच्याचा भरवसा धरता येत नाही, कारण काळसर भाजलेली बी फुगून हलकी झालेली असते. तोच चमचा, पण वजन वेगळं.

आईच्या 'आधी आंबट, मग तुरट' या निदानाचं मूळ मात्र वजनात नव्हतं. ते दळणात होतं. मी बिया पात्याच्या छोट्या ग्राइंडरमध्ये फिरवत होते, ज्यात धने-जिरंही व्हायचं. (कितीही पुसा, वास राहतो. पूड फ्रीजमध्ये हिंगाशेजारी ठेवायची चूकही मी करून झालेली आहे.) पातं दळत नाही, सापडेल ते फोडतं. काही पूड पिठासारखी, काही कण तांदळाच्या कणीएवढे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे जाडा रवा आणि बारीक रवा एकत्र करून शिरा केलास." अगदी तेच. बारकाचा गोळा होतो, जाडा कच्चा राहतो. पिठातून तुरटपणा उतरत होता, कण्यांमधून नुसता आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात. पुढच्या महिन्यात मी जात्यासारखा ग्राइंडर घेतला, ज्यात दोन दातेरी चकत्यांमधल्या फटीतून बी जाते. कॉफीवर इतका सत्कारणी लागलेला पैसा दुसरा नाही. नळी हंसाच्या मानेसारखी असलेली केटल नंतर घेतली तरी चालते. मी ती आधी घेतली होती.

नव्या ग्राइंडरनं नवा वैताग आणला. इथली हवा इतकी कोरडी की हिवाळ्यात स्वेटर काढताना चटके बसतात. दळलेली कॉफी डब्याला, बोटांना, ओट्याला चिकटायची. बियांवर पाण्याचे दोन थेंब टाकून हलवून घ्या, ही युक्ती कॉफीवाल्यांत जुनी आहे. ओरेगन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन यांनी तिचा अभ्यास केला तो ज्वालामुखीच्या राखेतली वीज अभ्यासणाऱ्यांना बरोबर घेऊन. डिसेंबर २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. राखेचे कण घासून, तुटून आकाशात विजा चमकतात. माझ्या ओट्यावर त्यातलंच काहीतरी घडत होतं, हे वाचून मला उगीचच मोठं वाटलं.

डेन्व्हरची खरी भानगड उकळीची आहे. इथल्या कॅपिटॉलच्या एका पायरीवर 'समुद्रसपाटीपासून एक मैल उंच' असं कोरलेलं आहे. त्या उंचीवर पाणी ९५ अंश सेल्सिअसच्या जवळपासच उकळतं. उघड्या पातेल्यात राजमा शिजत नाही, कुकरशिवाय डाळ हटून बसते, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. कॉफीच्या बाबतीत तेच शहाणपण सुचायला कित्येक वर्षं लागली. कारण सगळीकडे सांगतात, उकळतं पाणी ओतू नका, अर्धा मिनिट थांबा. हा सल्ला समुद्रकाठच्या माणसाचा. मी इमानेइतबारे थांबत होते आणि आधीच कोमट निघालेलं पाणी आणखी निववत होते. हलक्या भाजलेल्या बिया घट्ट असतात, अर्क सहजी सोडत नाहीत. मग आंबट होणार नाही तर काय? कहर म्हणजे तापमान लावायची केटल आणली आणि ती पुस्तकात वाचून २०५ फॅरनहाइटवर लावली. इथं पाणी २०२-२०३लाच उकळतं. केटल बिचारी त्या आकड्याची वाट बघत उकळतच राहिली, निम्मं पाणी वाफ होऊन खिडकीवर बसलं.

आता उकळी फुटली की मी सरळ ओतते, आणि ग्राइंडरच्या काट्यावर एक घर बारीक दळते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात २०२० साली झालेल्या प्रयोगात असं दिसलं, की कडकपणा आणि उतरलेला अर्क सारखा राखला तर पाणी थोडं कमी-जास्त तापलेलं असण्यानं चवीत फारसा फरक पडत नाही. तापमान देव नाही, उतरवायचं एक साधन आहे. ते कमी पडलं तर दुसरं वापरायचं. ताज्या बियांवर पहिलं थोडं पाणी पडतं तेव्हा भाजताना आत कोंडलेला वायू सुटतो आणि पूड टम्म फुगते. ती फुगलीच नाही तर बिया जुन्या, हेही तिथंच कळतं. ते फुगणं बघायला आई पुढे रोज सकाळी ओट्याशी येऊन उभी राहायची. प्यायची मात्र चहाच.

गेल्या डिसेंबरात सांगलीला जाताना मी बॅगेत सगळा संसार नेला. हातानं फिरवायचा ग्राइंडर, फिल्टरचे कागद, वजनकाटा, ऑरोरात भाजलेल्या बिया. इतक्या वर्षांपूर्वीची ती पहिली कॉफी पुसून टाकायची होती. १५ ग्रॅम मोजले, दळले, सणसणीत उकळी आणून ओतलं. पूड सुंदर फुगली. मावशी, काकू, शेजारच्या वहिनी बघत बसल्या होत्या. आईनं कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुरट," ती म्हणाली.

ग्राइंडर मी डेन्व्हरच्याच घरावर ठेवला होता, आणि सांगलीत पाणी ९८ अंशांपर्यंत तापतं. मी ग्राइंडरचा काटा पुढे-मागे करत बसले तोवर आईनं दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं होतं, आणि मावशी सहाण धुऊन आणत होती.