चंद्रावरचे जाते

हौसेखातर चित्रे काढणाऱ्या माणसापाशी एखादी जुनी वही हटकून असते. ती तो कोणास दाखवीत नाही आणि टाकूनही देत नाही. माझ्या अशा वहीत १९६९ ते १९७३ या काळातील, म्हणजे माझ्या वयाच्या नवव्या ते तेराव्या वर्षांतील चित्रे आहेत. पंखांचे घोडे, दोन तोंडांचे राक्षस, अग्निबाण, चंद्रावरील नगरे, मंगळावरील माणसे असा अद्भुताचा सारा बाजार तीत भरलेला आहे. पुढे मी पोटासाठी हिशेबाच्या वह्या लिहिल्या आणि सुटीच्या दिवशी जलरंगांत देवळे, झाडे, नद्या रंगविल्या. ती चित्रे पाहून स्नेहीमंडळी संतोष मानतात. परंतु मजपाशी जपून ठेवण्याजोगे जे काही आहे ते या बाळबोध वहीतच आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे कारण मात्र तीतील कल्पकता हे नव्हे.

आमचे गाव बीड जिल्ह्यातील धर्मापुरी. येथील केदारेश्वराचे देवालय उत्तर चालुक्यांच्या काळातले. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी आपापल्या डौलात उभ्या आहेत. गावच्या किल्ल्याच्या तटातही जुन्या देवळांचे कोरीव दगड बसविलेले आहेत. ओबडधोबड चिऱ्यांच्या रांगेत मध्येच एखादी नक्षी डोकावते. अशा गावी वाढलेल्या मुलाला कशाही शेजारी काहीही असू शकते हे निराळे शिकवावे लागत नाही. अद्भुताचे दुसरे धडे मी ‘चांदोबा’ मासिकातून घेतले. पाठीवर प्रेत टाकून स्मशानातून चालणारा शंकर या चित्रकाराचा विक्रम राजा मी किती वेळा गिरविला असेल, त्याची गणती नाही. तिसरे धडे भा. रा. भागवतांनी मुलांसाठी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कथांचे. आणि जुलै १९६९ मध्ये माणूस खरोखरीच चंद्रावर उतरल्याची वार्ता रेडिओवर आली, तेव्हा माझ्या पेन्सिलीला धरबंद राहिला नाही.

मी चंद्रावर नगर वसविले. बाहेरून ते मोठे झोकदार होते. अग्निबाण उभे होते, काचेचे घुमट होते. अडचण आली ती आत शिरल्यावर. घुमटाखाली घरे कशी असावीत, घरात काय असावे, ते मला सुचेना. मग तेथे मातीच्या माळवदाची घरे उभी राहिली. धूर जाण्यासाठी त्यांच्या छपरांना भोकेही ठेवली गेली. एका घरात चंद्रावरील स्त्री बसली आहे. डोक्यावर काचेचे शिरस्त्राण, पाठीवर हवेची नळकांडी, आणि पुढ्यात जाते! एक पाय लांब सोडलेला, दुसरा दुमडलेला; उजव्या हाती खुंटा, डाव्या मुठीत ज्वारी. शिरस्त्राणाच्या आत कपाळावर घामाचे तीन थेंबही दाखविले आहेत.

हे चित्र आईने पाहिले होते. ती लिहिणे-वाचणे शिकलेली नव्हती; चित्र मात्र तिने निरखून पाहिले आणि म्हणाली, “चंद्रावर बी दळावंच लागतं का रं?” तेव्हा सारे घर हसले. चंद्रावर वजन सहाव्या हिश्शाइतकेच भरते हे मला पुढे कळले. तेथे जात्याची वरची तळी उचलावयास सोपी गेली असती, पण दाण्यावर तिचा भार न पडल्याने पीठ जाडेभरडेच पडले असते. आईच्या कष्टांत तेथेही फारशी सूट मिळाली नसती!

चंद्रानंतर मंगळाची पाळी आली. शियापारेली या इटालियन ज्योतिर्विदाने १८७७ मध्ये मंगळावर रेषा पाहिल्या. पुढे पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन संशोधकाने ते कालवेच आहेत असे धरून, पाण्याला महाग झालेल्या त्या ग्रहावरील लोकांनी ध्रुवांकडचे पाणी आणण्यासाठी ते खणले, असा सिद्धान्त मांडला. ही हकीगत मी कोठल्याशा पुस्तकात वाचली होती. १९७१-७२ मध्ये मरिनर-९ या यानाने मंगळाभोवती फिरून छायाचित्रे घेतली आणि कालव्यांची कथा कायमची संपविली. पण ही वार्ता आमच्या गावी पोचण्यापूर्वीच १९७२ चा दुष्काळ येऊन पोचला.

त्या वर्षी मी मंगळावरचे कालवे काढले. डोक्याला शिंगे असलेले मंगळवासी घमेल्यांतून माती वाहत आहेत. बायका खडी फोडीत आहेत आणि त्यांच्या पदरातून शिंगांची टोके बाहेर आली आहेत. मुकादम हजेरीपट घेऊन उभा आहे. सुकडीसाठी रांग लागली आहे. एकाच्या दोन पायांत दोन तऱ्हेच्या वहाणा आहेत. तान्ह्या मुलाची झोळी झाडाला बांधावयाची, पण मंगळावर झाड कोठले? म्हणून ती अग्निबाणाच्या पायाला बांधली आहे. आमच्या परिसरातील दुष्काळी कामाचे छायाचित्र माझ्या पाहण्यात नाही. हे एवढे एक पान आहे.

मोठ्यांची गतही याहून निराळी नसावी. व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कथेला बेयार आणि द नव्हिल या फ्रेंच चित्रकारांनी चित्रे काढली. त्यांतील प्रवासी अंतराळातून जात आहेत, पण कपडे त्यांच्या काळच्या सद्गृहस्थांचेच. यानाच्या भिंतींनाही दिवाणखान्यासारख्या गाद्या. लिओनार्दोनेही आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे की, कल्पित प्राणी खरा वाटावयास हवा असेल तर त्याचे डोके कुत्र्याचे घ्यावे, डोळे मांजराचे, मान कासवाची. नवे असे काही घडवावयाचे तर सामान घरचेच लागते.

पुढे शाळेत मी सरकारी रेखाकला परीक्षा दिल्या. त्यांत एक विषय होता ‘स्मरणचित्र’. ठरलेल्या वेळात जत्रा किंवा बाजार आठवून काढावयाचा. तेव्हापासून माझी चित्रे सुधारली; माणसांची प्रमाणे नीट झाली. परंतु त्या कागदांवरील बाजारात ओळखीचा माणूस एकही नाही, सारे नमुन्याबरहुकूम. ज्यांना मी कल्पनाचित्रे म्हणत होतो तीच खरी स्मरणचित्रे ठरली. जेथे कल्पना तोकडी पडली तेथे आठवणीने हात दिला, आणि तेवढाच भाग आज जिवंत आहे. अग्निबाण तर कोणाच्याही वहीतले असावेत इतके सारखे आहेत.

पिठाची गिरणी आल्यावर जाते कोपऱ्यात गेले. आईही गेली त्याला बरीच वर्षे झाली. तिचे एकच छायाचित्र आहे. त्यात ती भिंतीला लावल्यासारखी ताठ उभी आहे आणि हात पदराखाली झाकलेले आहेत. तिचे हात पाहावयाचे झाले तर मला चंद्रावर जावे लागते.

घरातील मूल अग्निबाण काढीत बसले असेल तर आपण त्याच्या वेगाचे, रंगाचे कौतुक करतो. ते अवश्य करावे. पण त्याला एखादी खिडकी असेल, तर तीतून कोण बाहेर पाहते आहे तेही जरा न्याहाळावे, आणि त्या कागदावर तारीख घालून ठेवावी.