‘श्री’ म्हणजे किती अक्षरं?

या पानावर आजी-आजोबांच्या, लग्नकार्यांच्या आठवणी येतात, माझी जरा वेगळी आहे. सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. पणजोबा होळकरांच्या नोकरीत आले ते इथलेच झाले. बाबा एका कापड मिलमध्ये हिशेबनीस होते, मिल बंद पडेपर्यंत. बेरीज वरून खाली केली की पुन्हा खालून वर करायची, ही त्यांची सवय. ताळा पटल्याशिवाय वही मिटायची नाही.

२०१७ मध्ये माझी कंपनी गुंडाळली गेली आणि मी घरी बसले. त्याच सप्टेंबरात पीएचपीचा टेस्टफेस्ट सुरू झाला, तो डिसेंबरपर्यंत चालला. पीएचपी ही संगणकाची भाषा, रासमस लेरडॉर्फने १९९५ मध्ये लोकांसमोर आणलेली. मराठी विकिपीडियासुद्धा तिच्यावरच चालतो. तिची मालकी कुणा एकाची नाही, जगभरचे लोक वेळ काढून ती सांभाळतात. टेस्टफेस्टचं आवाहन एवढंच होतं की नवीन काही बनवू नका, आहे ते नीट चालतंय का याच्या टेस्ट लिहून पाठवा.

आई म्हणाली, “पैसे किती देतात?”

“काही नाही.”

“मग रात्र रात्र काय करून राहिलीस?” तिचंही बरोबर होतं. घरात बाबांची तुटपुंजी पेन्शन, त्यात माझी नोकरी गेलेली, आणि मी फुकटची हमाली करतेय.

बाबांना मात्र ते लगेच उमगलं. टेस्टची फाइल साधी असते. वर नाव, मग चार-सहा ओळींचा प्रोग्राम आणि खाली त्याचं अपेक्षित उत्तर. यंत्र प्रोग्राम चालवतं आणि आलेलं उत्तर त्याच्याशी अक्षरशः जुळवतं. पुढे कुणी आतलं काही बदललं आणि उत्तर फिरलं, तर तिथल्या तिथे कळतं. मूळ कोडच्या कुठल्या ओळी एकदाही तपासल्या गेल्या नाहीत, हे दाखवणारं साधनही असतं. बहुतेक वेळा त्या चुकीच्या वेळी कामाला येणाऱ्या ओळी निघतात, म्हणजे सगळं सुरळीत असताना जिकडे कुणी फिरकत नाही अशा गल्ल्या. बाबा म्हणाले, “अगं, हा तर ताळाच.”

मग ते रोज रात्री शेजारी खुर्ची ओढून बसायला लागले. मी म्हटलं, आपल्या लिपीवर टेस्ट करू. ‘मराठी’ची लांबी किती? एक फंक्शन म्हणतं १५, कारण ते बाइट मोजतं. दुसरं म्हणतं ५, कारण ते काना-वेलांट्या सुट्ट्या धरतं. तिसरं डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजतं, ते म्हणालं ३. बाबा खूश. म्हणाले, “आता ‘श्री’ टाक.”

उत्तर आलं २. यंत्र ‘श्’ वेगळा आणि ‘री’ वेगळी धरत होतं.

“एक हवं,” बाबा म्हणाले.

मी समजावलं की युनिकोडचा नियमच तसा आहे, टेस्टमध्ये दोनच लिहावं लागेल, नाहीतर ती नापास होईल. ते चष्मा काढून म्हणाले, “जमाखर्चाच्या प्रत्येक पानावर आधी श्री लिहिलं मी. ते एक अक्षर आहे. चुकीचं उत्तर बरोबर म्हणून लिहून ठेवायचं असेल, तर ताळा कशाला करायचा?”

नियमाने माझं बरोबर होतं, तरी ती टेस्ट मी पाठवली नाही. ‘मराठी’ची पाठवली. कुणा अनोळखी स्वयंसेवकाने दोन जागा सुधारायला सांगितल्या, मी सुधारल्या. नोकरीही पुढे फेब्रुवारीत लागली. मुलाखतीत या टेस्टबद्दलच जास्त विचारलं, हे आईला आवर्जून सांगितलं.

बाबा २०२१ मध्ये गेले.

२०२३ च्या सप्टेंबरात युनिकोडची १५.१ ही आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी जोडाक्षरांचा नियम बदलला. जोडाक्षर आता मधून तुटत नाही. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होते. नवी लायब्ररी घालून प्रोग्राम चालवायला पुढचा रविवार उजाडला. आई पोहे घेऊन आली तेव्हा स्क्रीनवर १ दिसत होता. तिला म्हटलं, बाबांचा श्री. ती जरा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, “पाठव की आता.”

जुन्या लायब्ररीवर उत्तर अजून २ येतं, म्हणून फाइलमध्ये आवृत्तीची अट घालावी लागली. त्याच रात्री पाठवली.